अडखळणारें चित्र

संगणकावरील खेळांचा विषय या पानांत आलेला पाहून आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांत आज बारा ते बावीस वर्षांचें मूल आहे त्या घरांत हा विषय आधींच येऊन बसला आहे. त्याला दाराबाहेर ठेवण्याची वेळ केव्हांच टळून गेली. शिवाय ज्या यंत्रासाठीं मध्यम स्थितीच्या कुटुंबानें साठ-सत्तर हजार रुपये मोजले तें यंत्र नीट कां चालत नाहीं, हा प्रश्न खेळाचा नसून संसाराचा आहे. मे महिन्यांत केम येथें आप्तांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला असतां हा प्रश्न आमच्यापुढें ज्या स्वरूपांत उभा राहिला, आणि त्याचा उलगडा ज्या रीतीनें झाला, तो प्रकार येथें सांगावा असें मनांत आहे.

केम हें सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील गांव. दौंडाहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर मागें पडलें म्हणजे कुर्डुवाडीच्या अलीकडे केमचें स्थानक लागतें. गांवांत श्रीउत्तरेश्वराचें देवालय आहे. पण गांवाचें नांव दूरवर झालें तें कुंकवामुळें. हळदीच्या पिवळ्या रंगास क्षाराचा स्पर्श झाला कीं तो लाल होतो, हें रसायन आपल्या आज्या-पणज्यांस पाठ्यपुस्तकावांचून ठाऊक होतें. आतां त्या घरगुती कामाचा धंदा झाला आहे, आणि यंत्रावर दळलेलें, चाळलेलें कुंकू पोत्यांनीं बाहेरगांवीं जातें. आमच्या आप्तांच्या घराला लागूनच असें चाळणीचें काम चालतें. दुपारीं वारा सुटला कीं ओसरीवरच्या पांढऱ्या चादरीस फिकट गुलाबी छटा येते. हा तपशील वाचकांनीं तूर्त बाजूस ठेवावा. तो पुढें लागणार आहे.

घरांत पाऊल टाकतांच हवा जड असल्याचें जाणवलें, आणि ती केवळ उन्हाळ्यामुळें नव्हती. आमचे मामेभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, हायस्कुलांत गणित शिकवून निवृत्त झालेले. चिरंजीव अठरा वर्षांचे. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेले. त्यांची थोरली बहीण पुण्यास एम्. एस्सी.साठीं निघण्याच्या तयारींत. दोन वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक गेल्या दोन महिन्यांपासून खेळतांना अडखळूं लागला होता. चित्र चांगलें धांवतां धांवतां मध्येंच थबके, क्षणभर गोठे, आणि मग उडी मारून पुढें जाई. एका दुकानदारानें यंत्र न पाहतां दूरध्वनीवरच निदान केलें कीं, ग्राफिक्स कार्ड जुनें झालें. अडतीस हजारांचें नवें बसविल्याखेरीज गत्यंतर नाहीं. आणि घरांत त्या वेळीं बाजूस काढलेली रक्कम एकच होती, ती मुलीच्या वसतिगृहाची.

"दोन महिन्यांत शिकवण्या करून मी पैसे परत ठेवतों," असें मुलगा म्हणत होता. "खेळ बंद कर, म्हणजे यंत्र अडखळायचें नाहीं," असें दादांचें उत्तर होतें. त्या दोघांमध्यें आठ दिवस याहून अधिक संभाषण झालेलें नव्हतें. मुलगी मात्र आम्हांस स्वयंपाकघरांत गांठून म्हणाली, "काका, कार्ड घ्यायचें तर घ्या. पण तें खरोखर बिघडलें आहे का, एवढें आधीं बघाल का?"

आम्हीं एक दिवसाची मुदत मागितली. ती तीन दिवसांवर गेली.

अडखळणें म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. चुकीचीं निदानें बहुधा येथेंच होतात. पडद्यावर जें हालतांना दिसतें तें वस्तुतः हालत नसतें. स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या वेगानें पुढें येतात कीं मेंदू त्यांची एक अखंड गति करितो. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्या वेळच्या कॅमेऱ्याची मूठ हातानें फिरवावी लागे. सेकंदास सोळा चित्रें असा साधारण हिशेब असे; पण हात तो हात, कधीं सोळा, कधीं अठरा, कधीं वीस. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं स्वतः कॅमेरा तयार करून १९२० सालीं 'सैरंध्री' काढला, तेथेंहि भिस्त हातावरच. पुढें बोलपट आले, हिंदींत १९३१ मध्यें 'आलम आरा' आणि मराठींत १९३२ मध्यें प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. आणि हाताची मनमानी संपली. आवाज व चित्र एकाच गतीनें धांवावयाचे, तेव्हां गति ढळली कीं गाणाऱ्याचा सूरहि ढळे. म्हणून सेकंदास चोवीस चित्रें हा दंडक सर्वत्र बसला. चोवीस वेळां उजेड व अंधार झाला तर पडदा लुकलुकतो, यासाठीं प्रत्येक चित्रावर दोनदां प्रकाश टाकण्याची युक्ति प्रोजेक्टरांत केलेली असे.

जत्रेंतल्या तंबूंत सिनेमा पाहिलेल्या वाचकांस अडखळणारें चित्र नवें नाहीं. फिल्म तुटे, शिट्ट्या होत, ऑपरेटर दोन्हीं टोकें चिकटवी. त्या खटपटींत मधलीं कांहीं चित्रें कातरलीं जात, आणि दुसऱ्या दिवशींच्या खेळाला त्या जागीं नायक दारांतून नाहींसा होऊन एकदम खाटेवर बसलेला दिसे. संगणकावरील खेळांत जें होतें तें दिसावयास याच जातीचें; कारण मात्र अगदीं निराळें. सिनेमाचीं चित्रें आधींच तयार असतात, यंत्रानें तीं केवळ दाखवावयाचीं. खेळांतलें चित्र दाखविण्याच्या क्षणापर्यंत अस्तित्वांतच नसतें. खेळणारानें मोटार डावीकडे वळविली कीं डावीकडचा रस्ता, झाडें, सावल्या हें सर्व यंत्रास तेव्हांच्या तेव्हां काढावें लागतें. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील तर प्रत्येक चित्रास वेळ मिळतो साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित् अधिक.

हें काम एकटें ग्राफिक्स कार्ड करीत नाहीं. आम्हीं दादांस पंगतीचा दाखला दिला. ग्राफिक्स कार्ड हा तव्यापुढें बसलेला आचारी. प्रोसेसर हा कारभारी; कोणत्या पानावर काय वाढावयाचें हें त्यानें सांगावें, तेव्हां आचाऱ्यानें तें करावें. रॅम म्हणजे हाताशी असलेली परात, आणि डिस्क म्हणजे मागच्या अंगणापलीकडील कोठी. पान रिकामें राहिलें म्हणजे पाहुणा आचाऱ्याच्या नांवानें ओरडतो. पण कारभाऱ्यास उन्हानें घेरी आली असेल, परात लहान असेल, किंवा कोठीवाला किल्ली शोधीत असेल, तर नवा आचारी आणून पंगत कशी उठणार? अडतीस हजार रुपये नव्या आचाऱ्याचे होते. जुना आचारी खरोखर हात चालवीत होता कीं हात जोडून बसला होता, हें पाहणें पहिलें काम होतें.

दुसरी समजूत आंकड्यांची. मुलानें पडद्याच्या कोपऱ्यांत सेकंदास किती चित्रें होतात तो आंकडा लावून ठेवला होता, आणि तो आंकडा पन्नासाच्या वर असतांनाहि चित्र अडखळे. यामुळें तो अधिकच गोंधळला होता. आम्हीं दादांस कागद-पेन्सिल दिली. पन्नास चित्रें प्रत्येकीं पंधरा मिलिसेकंदांत झालीं, म्हणजे साडेसातशें मिलिसेकंद गेले. एकावन्नाव्या चित्रास अडीचशें लागले. सेकंद पुरा झाला, चित्रें भरलीं एकावन्न, आंकडा शोभिवंत. पण पाव सेकंद पडदा गोठलेला होता. गणिताच्या शिक्षकास सरासरीची ही फसवणूक सांगावी लागली नाहीं. ते खुर्ची ओढून मुलाच्या शेजारीं येऊन बसले आणि म्हणाले, "मग सरासरी कशाला मोजतोस? प्रत्येक चित्राचा वेळ मांड." मांडण्याची सोय असते. आफ्टरबर्नर, प्रेझेंटमॉन यांसारखीं मोफत साधनें प्रत्येक चित्रास लागलेला वेळ, प्रोसेसरचें व कार्डाचें तपमान, त्यांची गति आणि त्यांच्यावरील भार हें सर्व रेषेनें काढून दाखवितात. दादांनीं मोजणीस एक नियम घालून दिला: मोटारींच्या शर्यतीचा एकच खेळ, तोच रस्ता, तीच मोटार, आणि एका वेळीं एकच फेरबदल. मुलानें मागील दोन महिन्यांत विंडोज पुन्हां भरली, ड्रायव्हर बदलला, खेळाच्या पंचवीस सेटिंग खालींवर केल्या, आणि हें सर्व एकाच संध्याकाळीं! त्यांतून काय गुण आला व काय अवगुण, हें ब्रह्मदेवासहि सांगतां आलें नसतें.

पहिली परीक्षा सोपी आहे. ती प्रत्येकानें नवें कार्ड घेण्यापूर्वीं करावी. चित्राचा आकार कमी करावयाचा, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांऐवजीं १२८० बाय ७२०. ठिपके निम्म्याहून कमी झाले कीं कार्डाचें ओझें उतरतें. दोष कार्डाच्या दुबळेपणाचा असेल तर अडखळणें थांबावें किंवा बरेंच घटावें. आमच्या यंत्राचें अडखळणें तसूभरहि हाललें नाहीं. सुमारें दहा मिनिटें खेळ सुरळीत चाले आणि मग ठरल्याप्रमाणें थबके. रेषा पाहतां त्याहून बोलका पुरावा मिळाला. चित्र थबके त्या क्षणीं कार्डावरील भार वाढण्याऐवजीं निम्म्यावर उतरे. आचारी तव्यापुढें हात जोडून बसला होता. पीठ मळून येत नव्हतें.

दुकानदाराचें निदान येथेंच कोसळलें. मुलाचा चेहरा मात्र उतरला. नवें कार्ड हातचें गेलें, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें.

दहा मिनिटेंच कां, याचा शोध घरांतील स्त्रियांनीं लावला. मुलगी म्हणाली कीं, पहाटे भाऊ खेळतो तेव्हां पाऊण तास चांगलें चालतें, दुपारीं दहा मिनिटांत रडूं लागतें. आणि आमच्या मामी, ज्यांचा या यंत्राशीं संबंध केवळ त्यावर पडदा घालण्यापुरता, सोप्यावरून म्हणाल्या, "अरे, तें आधीं धापा टाकतें. पंख्याचा आवाज चढतो आणि मग हा ओरडतो." आम्हीं तपमानाची रेषा पुढें घेतली. प्रोसेसर शंभर अंशांच्या उंबरठ्यावर जाऊन टेकला होता, आणि तेथें पोंचतांच त्याची गति निम्म्याखालीं येत होती. हा बिघाड नव्हे, ही स्वसंरक्षणाची योजना आहे. जळून जाण्यापेक्षां प्रोसेसर आपण होऊन चाल मंद करितो, निवला कीं पुन्हां धांवतो, तापला कीं पुन्हां थांबतो. या चढउताराचें दृश्य रूप म्हणजे पडद्यावरील हिसके. सोलापूर जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळीसच्या वर सहज जातो. पंखा कितीहि चांगला असला तरी तो खोलींतलीच हवा यंत्रावर घालणार; पंचवीस अंशांच्या खोलींत पंचाऐंशींवर राहणारा प्रोसेसर चाळिसांच्या खोलींत शंभरास भिडला तर त्यांत नवल काय? त्यांत यंत्राचा डबा टेबलाखालच्या लांकडी कप्प्यांत, पाठ भिंतीला लावून ठेवलेला. दादांनीं हौसेनें करवून घेतलेला तो कप्पा दिसावयास फार सुबक होता; पण त्या यंत्रास त्यांत श्वास घेण्यास जागा नव्हती.

दुसरे दिवशीं सकाळीं वायर काढून डबा अंगणांत आणला आणि बाजूचा पत्रा उघडला. आंत सर्व लाल होतें. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचा जो गट्टू असतो, ज्याच्या फटींतून पंखा वारा घालतो, त्या फटी कुंकवानें व धुळीनें लिंपल्या गेल्या होत्या. बोटानें खरवडतांच पापडासारखा थर निघाला. मामींनीं तो चिमटींत घेऊन पाहिला आणि कपाळास लावण्याचा मोह आवरला, असें आम्हांस वाटलें.

साफ करण्याची रीत थोडी विस्तारानें सांगतों, कारण उत्साहाच्या भरांत यंत्र याच वेळीं मोडतें. वायर काढल्यावर चालू करण्याचें बटण एकदां दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. आंत हात घालण्यापूर्वीं डब्याच्या उघड्या धातूस स्पर्श करावा; अंगावरील स्थिर विजेचा एक सूक्ष्म ठिणगा चकतीस पुरेसा असतो. मऊ ब्रशनें धूळ सैल करावी आणि ब्लोअरनें वीतभर अंतरावरून उडवावी. पंख्याची पाती त्या वेळीं बोटानें धरून ठेवावीं. वाऱ्याच्या झोतानें पंखा भलत्या वेगानें फिरला तर त्याचें बेअरिंग जातें. टायरमध्यें हवा भरण्याच्या दुकानीं डबा नेऊं नये, त्या हवेंत पाणी असतें. ओलें फडकें तर मुळींच नको. प्रोसेसर व गट्टू यांच्यामध्यें एक लेप असतो, थर्मल पेस्ट म्हणतात. तो आमच्या यंत्रांत वाळून भेगाळला होता. जुना लेप स्पिरिटनें पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढा नवा घातला. दोन-तीनशें रुपयांची नळी, ती मुलानें कुर्डुवाडीहून आणली. डबा कप्प्यांतून काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला.

भर दुपारीं परीक्षा झाली. प्रोसेसर ऐंशीच्या आंतच राहिला, आणि दहा मिनिटांनीं येणारा तो थबका आला नाहीं. वीस मिनिटांनींहि नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त ताईला हाक मारून खुर्ची दिली आणि "तूं चालवून बघ" म्हणाला.

एवढ्यावर लेख संपता तर बरें झालें असतें. पण खरें यंत्र गोष्टींतल्या यंत्रासारखें एका कारणानें बिघडत नाहीं. मोठे हिसके गेल्यावर लहान हिसके दिसूं लागले, जसे घरांतला मोठा आवाज थांबल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकूं येते.

त्यांतला एक दोष रॅमचा होता. आठ-आठ गीगाबाइटच्या दोन पट्ट्या, पण त्या शेजारशेजारच्या खांचांत बसविलेल्या. चार खांचा असलेल्या मदरबोर्डावर दोन पट्ट्या एक खांच सोडून, बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवावयाच्या असतात, म्हणजे माल दोन वाटांनीं येतो. शेजारीं बसविल्या कीं तो एकाच वाटेनें येतो. शिवाय पट्ट्यांवर ३२०० चा वेग छापलेला, आणि प्रत्यक्षांत त्या २१३३ वर चालत होत्या. छापील वेग आपोआप मिळत नाहीं. यंत्र सुरू होतांना बायोसमध्यें जाऊन एक्सएमपी नांवाची सोय चालू करावी लागते. ज्यानें यंत्र जुळविलें त्यानें तें केलें नव्हतें आणि घेणारानें विचारलें नव्हतें. दोन वर्षें घरानें पैसे मोजलेल्या वेगाचा तिसरा हिस्सा पडून होता. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटें.

दुसरा दोष कोठीचा. खेळ जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवलेला होता. तिच्या तबकडीवरील हवी ती जागा गांठण्यास तिच्या सुईस सुमारें दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका चित्राच्या वेळेचा मोठा भाग केवळ धांवाधांवींत जातो. आणि शर्यतींत नवा प्रदेश आला कीं अशा शेंकडों खेपा एकदम होतात. यंत्रांत एसएसडी होती, पण तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ. मुलानें अदलाबदल केली. लग्नाच्या व्हिडिओंस दहा मिलिसेकंदांची घाई नसते.

तिसरा प्रकार दोषांत मोडत नाहीं, आणि त्यामागें लागून पुष्कळ तरुण झोप घालवितात. धूर, पाऊस, स्फोट असें कांहीं नवें दृश्य प्रथमच आलें कीं चित्र एकदां अडखळतें. त्याच जागीं दुसऱ्यांदा गेलें तर नाहीं. हे शेडर नांवाचे छोटे कार्यक्रम होत. ते कार्डाच्या भाषेंत प्रथमच उतरवावे लागतात, आणि एकदां उतरविले कीं जपून ठेवले जातात. कांहीं खेळ हें काम आरंभींच करितात व त्यासाठीं पांच-दहा मिनिटें थांबवितात. तेथें उतावीळपणें पुढें जाऊं नये. ड्रायव्हर बदलला कीं हें सर्व नव्यानें होतें, म्हणून ड्रायव्हर बदलल्याच्या संध्याकाळीं यंत्राची परीक्षा घेणें अन्यायाचें आहे.

पडद्याविषयीं दोन शब्द. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदास साठ वेळांच बदलतो. यंत्र पन्नास चित्रें काढीत असेल तर कांहीं चित्रें एकदां व कांहीं दोनदां दाखवावीं लागतात, आणि चाल लंगडी होते. लयींत गाणारानें मधूनच एक मात्रा लांबवावी तसें. दूरदर्शनच्या पंचवीस चित्रांच्या पद्धतींत चोवीस चित्रांचा सिनेमा दाखवितांना हा लंगडेपणा टाळण्यास तो किंचित् वेगानें पळविण्याची रीत आहे. तीन तासांचा सिनेमा त्यामुळें सात मिनिटें लवकर संपतो, आणि कोणास कळत नाहीं. संगणकावर २०१३ पासून उलट युक्ति निघाली: पडद्यानेंच यंत्रासाठीं थांबावें. जी-सिंक, फ्रीसिंक हीं तिचीं नांवें. आमच्या मुलाचा पडदा एकशें चव्वेचाळीस हर्ट्झचा होता आणि दोन वर्षें साठांवर लावलेला होता. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्यें तो आंकडा निवडावा लागतो, हें त्यास कोणी सांगितलेलें नव्हतें. यंत्रास जें सातत्यानें जमत नाहीं तें त्यास मागूंहि नये. कधीं नव्वद, कधीं पंचेचाळीस, यापेक्षां साठांवर बांधलेलें चित्र डोळ्यांस कितीतरी निवांत वाटतें.

निरपराध कोण, हेंहि सांगितलें पाहिजे. दादांचा संशय विजेवर होता, आणि गांवाकडे विजेवर संशय घेणें सोपें जातें. परंतु दाब उतरला तर असा संगणक बहुधा अडखळत नाहीं, बंदच पडतो; हिसक्यांचें खापर वीजमंडळावर फोडतां येणार नाहीं. लॅपटॉपची गोष्ट निराळी. तो बॅटरीवर गेला कीं जाणूनबुजून मंद होतो, म्हणून त्याची परीक्षा वायर लावूनच घ्यावी. तसेंच इंटरनेटवरून इतरांशीं खेळतांना आपलें चित्र सरळ चालतें आणि फक्त दुसऱ्यांचीं पात्रें उड्या मारितात, असें दिसलें तर तो दोष जोडणीचा; त्याला कार्ड, प्रोसेसर, पंखा यांतलें कांहींहि उपयोगी नाहीं.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दादांनीं एक वेगळीच मागणी केली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चे आज पहिलें व शेवटचें रीळ तेवढें उरलें आहे. तें या यंत्रावर पाहतां येईल का? मुलानें तें काढलें. राजा, राणी, पुत्र सर्वच तुरुतुरु पळत होते. "त्या काळचीं माणसें अशीं कां चालतात?" हा मामींचा प्रश्न. दादांनीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें, पण मुलगाच आधीं बोलला: हातानें सोळाच्या हिशेबानें घेतलेलें चित्र चोवीसनें पळविलें तर दीडपट घाई दिसणारच. त्यानें गति दोन-तृतीयांश केली. राजा सावकाश, राजासारखा चालूं लागला. मामी चष्मा पुसून पुढें सरकल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव पुन्हां."

आम्ही निघालों तेव्हां डब्याच्या जाळीवर मुलीनें जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बसविला होता. विरळ कापडानें कुंकू अडतें पण वाराहि थोडा अडतो; यास्तव दर रविवारीं तें झटकावें आणि तपमानाचा आंकडा वहींत लिहावा, असें ठरलें आहे. वहीचा पहिला रकाना दादांच्या अक्षरांत आहे. वसतिगृहाची रक्कम पुण्यास भरली गेली. शर्यतींतील पुलाच्या वळणावर चित्र अजून एकदां किंचित् थबकतें. त्याचें कारण मुलगा शोधीत आहे.